ट्राऊट नाही, पण हिरण्यकेशीचा उगम बघायला जाऊया : एका दिवसाच्या सहलीचं नियोजन



गेल्या बैठकीत विषयपत्रिकेवर नसलेला एक विषय निघाला आणि जमाखर्चापेक्षा त्याच्यावरच जास्त वेळ गेला. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांना पुढच्या दोन दिवसांत काहीबाही ऐकू आलं. कुणी म्हणतं संस्था काश्मीरला चालली, कुणी म्हणतं आंबोलीत जाळी टाकायचा ठेका मिळाला. दोन्ही खोटं. म्हणून काय ठरलं आणि का ठरलं ते सगळं इथं लिहून काढतोय. जरा लांबलंय, चहा घेऊन वाचा.

झालं असं की आपल्या एका सभासदाचा मुलगा मराठा लाईट इन्फंट्रीत आहे. तो सुट्टीवर आला होता आणि वडिलांबरोबर बैठकीला येऊन बसला. काश्मीरात त्याची पोस्टिंग होती. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवले. डोंगरात निळंशार पाणी, काठावर बर्फ, आणि हातात अंगावर ठिपके असलेला देखणा मासा. ट्राऊट. म्हणाला, "आण्णा, आपण जन्मभर मासे धरतो पण असं डोंगरावर चढून, गळ टाकून, मजेसाठी कधी धरलाय का?" झालं. तरणी पोरं पेटलीच. दोघांनी तर ऑनलाईन काठ्या मागवल्यासुद्धा होत्या, रीळ लावलेल्या. त्यांचं म्हणणं एकच, एक दिवस सुट्टी काढायची, सगळ्यांनी डोंगरावरच्या तळ्यावर जायचं आणि ट्राऊट धरायचा.

कल्पना आम्हाला आवडली. वर्षभर आपण पाण्यातच असतो पण पाण्याकडं बघायला वेळ नसतो. पहाटे जाळं काढा, बर्फ आणा, बाजार गाठा. पोरांना बापाचा धंदा म्हणजे ओले कपडे आणि उधारीची वही एवढाच माहीत. एक दिवस सगळ्यांनी मिळून जावं हे बरोबरच. पण ट्राऊटचं काय ते आधी सांगून टाकू, म्हणजे काठ्या घेतलेल्यांचा जीव उगाच टांगणीला राहायला नको.

ट्राऊट हा मुळात आपल्या देशाचाच मासा नाही. साहेब लोकांना त्यांच्या मुलखातल्यासारखी गळाची मजा इथं पाहिजे होती, म्हणून १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून ट्राऊटची अंडी बोटीनं काश्मीरला आणली. आधीची एक खेप वाटेतच मेली होती असं सांगतात. दुसरी जगली. त्यानंतर दक्षिणेत निलगिरीवर अ‍ॅव्हलांच इथं १९०७ च्या सुमारास हॅचरी झाली, तिकडं केरळात मुन्नारच्या वर चहामळेवाल्यांनी सोडला. हिमाचलात बरोट, पतलीकुहल इथंही ट्राऊट आहे. आता काश्मीरात कोकरनागला मोठं सरकारी केंद्र आहे आणि नदीवर गळ टाकायचा तर मत्स्य खात्याचा दिवसाचा परवाना काढावा लागतो, किती मासे न्यायचे त्यालाही मर्यादा. आपला जवान म्हणाला, तिथं काठावर रखवालदार येऊन परवाना बघतो. ऐकून आपले तात्या म्हणाले, "म्हणजे तिथंबी सेक्रेटरी हायच!"

आपल्याकडं तो का नाही, याचं कारण पाणी. ट्राऊटला थंड पाणी लागतं, दहा ते अठरा अंश. वीसच्या वर गेलं की त्याला धाप लागते, पंचवीसच्या आसपास तो मरायलाच टेकतो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो आणि ट्राऊटला तो भरपूर लागतो. दहा अंशाच्या पाण्यात लिटरमागं अकरा मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू राहू शकतो, तीस अंशाला तोच साडेसातवर येतो. आपले कटला, रोहू, मृगळ उलटे. त्यांना पंचवीस-तीस अंश म्हणजे सुगी. तुम्ही बघताच की, थंडीत डिसेंबर-जानेवारीत खाद्य टाकलं तरी कटला तोंड लावत नाही, अंग धरत नाही. ज्या गारठ्यात आपला मासा झोपतो त्या गारठ्यात ट्राऊट जेवायला उठतो.

मग कुणीतरी विचारलं, आंबोली तर केवढी थंड, तिथं जगेल की. नाही जगणार. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. निलगिरीतला ट्राऊट दोन हजार मीटरच्या वरचा. आपल्या सह्याद्रीत या भागात तेवढी उंचीच नाही. आंबोलीला पाऊस मात्र महाराष्ट्रात नाव घ्यावं असा, पण पाऊस जास्त म्हणजे पाणी बर्फासारखं असं होत नाही. एप्रिल-मेमध्ये तिथलं पाणीही तापतंच.

तर ट्राऊट रद्द. पण डोंगरावरचं पाणी आणि एका दिवसाचं चालणं, हे रद्द करायला कुणी तयार होईना. मग जागा कुठली, यावर गाडी आली.

पहिलं नाव निघालं राधानगरी. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोगावतीवर काम काढलेला तो लक्ष्मी तलाव, त्याच्या पुढं दाजीपूरचं जंगल. जागा सुंदर, वाद नाही. पण ते अभयारण्य आहे. १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं, पुढं १९८५ मध्ये वाढवलेलं. अभयारण्यात गळ घेऊन फिरलो तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. आपण मच्छीमार संस्थेचं नाव लावून जाणार आणि चौकीवर काठ्या सापडणार! उद्या कुठल्या ठेक्याला अर्ज करायचं तोंड राहील का?

दुसरं नाव रांगणा किल्ला. भुदरगड तालुक्यात, आपल्या वेदगंगेच्या वरच्या अंगाला. पाटगावच्या पुढं भटवाडीकडनं जंगलातली वाट आहे आणि किल्ल्यावर तळं आहे. पोरांना हे फार आवडलं. पण चालणं लांबचं आणि चढाचं. आपले निम्मे सभासद पन्नाशीच्या पुढचे, त्यात गुडघेदुखी तर पाण्यात उभं राहणाऱ्यांच्या नशिबालाच आलेली. आक्का-वैनी मंडळींनी तर तिथल्या तिथं सांगितलं, "आम्ही टोपली घेऊन बाजार फिरतो, डोंगर फिरणार नाही." तरण्यांनी स्वतंत्र जावं, आमची ना नाही.

तिसरं नाव एका जुन्या सभासदानं घेतलं. "आपली हिरण्यकेशी जिथनं निघते तिथं कोण गेलंय?" म्हणाले. खोलीत पस्तीस-छत्तीस माणसं. हात वर आले चार. त्यातले दोघं वर्षापर्यटनाला गेलेले, भजी खाऊन आलेले.

आम्हालाच लाज वाटली. ही नदी आंबोलीला जन्मते, आजरा तालुक्यातनं गडहिंग्लजला येते, मग हद्द ओलांडून संकेश्वरला, आपल्या हुक्केरी तालुक्यात. पुढं घटप्रभेला मिळते. तेच पाणी गोकाकच्या धबधब्यावरनं कोसळून कृष्णेत आणि शेवटी पार बंगालच्या उपसागरात. आंबोलीच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण, पलीकडं अरबी समुद्र हाकेवर. तरी तिथलं हे पाणी समुद्राकडं पाठ फिरवून आपल्याकडं येतं. आपल्यातल्या कितीतरी घरांनी या पाण्यात जाळं टाकून पोरं मोठी केली. राज्यं दोन झाली, नदी एकच. आणि तिचं उगमाचं ठिकाण आपल्यातल्या चौघांनी बघितलेलं.

आता या जागेची खरी गोष्ट. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी गुहा आहे, महादेवाचं देऊळ आहे. गुहेतनं पाणी बाहेर येतं आणि समोर कुंडात साठतं. त्या पाण्यात एक छोटा मासा आहे. बोटाएवढासुद्धा नाही. लोच जातीचा, तळाशी दगडांच्या सांदीत राहणारा, अंगावर आडवे उभे पट्टे, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडापाशी बारक्या मिशा. आपल्या ओढ्यात दगड उचलला की सरकन पळणारा जो पट्ट्यापट्ट्याचा बारका मासा असायचा, त्याच्याच भाऊबंदातला. लहानपणी आपण ओंजळीत धरायचो आणि सोडून द्यायचो, कारण त्याला ना वजन ना भाव.

पण हा मासा वेगळा निघाला. २०२० साली जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि एस. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यास करून दाखवलं की ही जात आधी कुणी नोंदलेलीच नव्हती. नदीच्या नावावरनं तिचं नाव ठेवलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. विचार करा, आपल्या नदीच्या नावाचा मासा जगाच्या पुस्तकात गेला आणि आपल्या संस्थेत कुणाला पत्ता नाही! पुढं २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र किती? २.११ हेक्टर. सव्वापाच एकरांच्या आसपास. आपल्या कितीतरी जणांच्या उसाच्या पट्टीएवढी जागा. ती राखायचं कारणही सरळ दिलं होतं, हा मासा दुर्मीळ आहे आणि मासेमारी झाली तर संपून जाईल.

म्हणजे आपण मासेमार लोकांनी जायचं कुठं, तर जिथं मासा धरायचाच नाही तिथं. यावर बैठकीत हशा झाला. एकजण म्हणाला, हे म्हणजे हलवायाला उपवासाच्या दिवशी देवळात बसवल्यासारखं. असू दे.

पण पुढं जी चर्चा झाली ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती आणि तिच्यासाठीच आम्ही हे एवढं लिहितोय. आपले एक ज्येष्ठ सभासद, नाव लिहीत नाही, मनापासून म्हणाले की जातोच आहोत तर रिकाम्या हातानं कशाला? दोन कॅन बोटुकली घेऊन जाऊ. रोहू-कटल्याची नको तर चिलापीची. उगमात बी सोडलं तर वाहत खाली येईल, नदी मासळीनं भरेल, पुण्यही लागेल. दुसरे म्हणाले, कुंडात डास होत असतील, गप्पी सोडू. तिथं बसलेल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

आम्ही हात जोडून सांगितलं, हे करायचं नाही. का, ते नीट समजून घ्या.

तो बारका मासा त्या कुंडात आणि ओढ्यात जगतोय, कारण तिथं त्याच्या वाटणीला कुणी नाही. दगडाखालच्या किड्यांच्या अळ्या, शेवाळ, एवढ्यावर त्याचं घर चालतं. तिथं चिलापी सोडली तर काय होईल? चिलापी आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळते? १९५२ साली ती आपल्या देशात आणली, गरिबाला स्वस्त मासा मिळावा म्हणून. वर्षातनं कितीदा विते, पिल्लं तोंडात सांभाळते, काहीही खाते. तळ्यात एकदा शिरली की निघत नाही. संख्या वाढते आणि अंग खुरटतं, तळहाताएवढी झाली की थांबते. आपल्या जाळ्यात ती येते, विकली जाते, कित्येकांची चूल तिच्यावर पेटते, हे नाकारणार नाही. पण ती आल्यावर बाकीचे बारके मासे कुठं गेले ते पण आपणच बघितलंय. चिलापीनं आपल्याला जगवलंही आणि बुडवलंही. गप्पीचं तसंच. डासांच्या अळ्या खातो म्हणून गटारीत, बंद टाकीत ठीक. पण तो काय पाटी वाचून फक्त डासच खात नाही, दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्लंही त्याला चालतात. आणि वाहतं पाणी असलं की तिथं डासाची अळी तशीही टिकत नाही.

आता बी सोडणाऱ्याला वाटतं, एक कॅन सोडला तर काय एवढं. आपण हे भोगलेलं आहे, म्हणून आठवण करून देतो. काही वर्षांमागं आपल्या एका तळ्यात आपण मांगूरचं बी सोडलं होतं. विकणाऱ्यानं देशी मांगूर म्हणून दिलं, भावही तसाच घेतला. पहिले दोन महिने आपण खूश. काय वाढतोय, काय वाढतोय! चौथ्या-पाचव्या महिन्यात किलोच्या वरचे नग लागायला लागले तेव्हा जुन्या माणसांनी डोकं धरलं. देशी मांगूर वर्षभरात पाव किलोच्या आसपास जातो, हा देशी नव्हेच. आफ्रिकन मांगूर, ज्याला लोक थाई मांगूर म्हणतात. केंद्र सरकारनं २००० सालापासून बंदी घातलेला. २०१८ मध्ये हरित लवादानं पुन्हा बजावल्यावर महाराष्ट्रात तळीच्या तळी नष्ट करायला लावली होती. आपल्या तळ्यात त्या वर्षी सोडलेली रोहूची बोटुकली त्यानं फस्त केली. बेडूक गेले, झिंगे गेले. शेवटी उन्हाळ्यात पाणी उपसलं, चिखलातनं एकेक काढून पुरला. चिखलात दडून बसतो, ओल असली की जमिनीवरनं सरकत दुसऱ्या पाण्यात जातो, म्हणून रात्री बांधावर बॅटऱ्या घेऊन पहारा दिला. लाभांश त्या वर्षी वाटता आला नाही. ज्या घरात त्या साली लग्न होतं त्यांनी काय केलं ते त्यांनाच माहीत.

चूक विकणाऱ्याची होती, आणि पावती न घेणाऱ्या आमचीही होती. ते सांगायला लाज नाही.

आपलं तळं होतं म्हणून उपसता आलं. पैसा गेला, दोन वर्षांत परत उभे राहिलो. हिरण्यकेशीचं कुंड कोण उपसणार? आणि उपसलं तरी तो मासा परत कुठनं आणणार? बोटुकली विकत मिळते, ही जात कुठल्या हॅचरीत मिळत नाही.

हे बोलणं झाल्यावर खोली जरा गप्प झाली. मग ज्यांनी कॅनची सूचना मांडली होती तेच म्हणाले, "बरं झालं बोललो ते. न बोलता नेलं असतं म्हणजे?" त्यांचा मोठेपणा. खरंच, न सांगता पिशवीत चार मासे नेऊन सोडणारी भाविक माणसं ठिकठिकाणी आहेत. घरातल्या काचपेटीचा कंटाळा आला की देवाच्या कुंडात मासे सोडतात. तिथं कुणी असं करताना दिसलं तर भांडू नका, पण समजावून सांगा. आपण मासेमार आहोत म्हटल्यावर लोक ऐकतात.

देवाच्या नावानं मासा राखायची रीत आपल्याकडं नवी नाही हेही सांगायला पाहिजे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, वरदायिनी देवीचा डोह. तिथल्या महाशीर माशांना कुणी हात लावत नाही. कायदा व्हायच्या कितीतरी आधीपासनं. इकडं कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर तसंच, लोक चुरमुरे टाकतात आणि हातहात लांबीचे मासे पायाशी येतात. आपल्या लोकांनी तिथं जाऊन किलोचा हिशेब करू नये एवढंच!

आता प्रत्यक्ष नियोजन.

वार. पोरांनी रविवार म्हटला. रविवार म्हणजे आपला आठवड्याचा सगळ्यात मोठा बाजार, रविवारी विक्री सोडून कोण येणार? आक्कांनी हे एका वाक्यात उडवून लावलं. सोमवारी गिऱ्हाईक कमी, निम्मा गाव खात नाही. म्हणून तुळशीचं लग्न झाल्यानंतरचा पहिला सोमवार ठरला. महादेवाच्या दारात सोमवारीच जाणं होतंय, ज्याला जसं मानायचं तसं मानावं. मुलांची एक दिवसाची शाळा बुडेल. सुट्टीचा मेळ घालायचा प्रयत्न केला, पण आपल्या काही मुलांच्या शाळा कर्नाटकातल्या, त्यांना दसऱ्याची मोठी सुट्टी. काही जण पलीकडं शिकायला, त्यांना दिवाळीची. मेळ बसत नाही. मास्तरांना संस्थेच्या लेटरहेडवर चिठ्ठी देऊ.

पावसाळ्यात का नको, असं काहींनी विचारलं. जून ते सप्टेंबर आंबोलीत गर्दी, धुकं, घसरण, जळवा. कुंडातलं पाणी फुगलेलं, गढूळ. मासा दिसायचाच नाही. शिवाय तो माशांच्या विणीचा काळ. कार्तिकात पाणी निवळतं, ओढा वाहता असतो, ऊनही सोसतं. महाशिवरात्रीला तिथं भाविकांची गर्दी असते, तो दिवसही आपल्या कामाचा नाही.

वाट. निपाणीकडच्यांनी महामार्गानं संकेश्वर, तिथनं गडहिंग्लज, आजरा, आंबोली. शंभर किलोमीटरच्या आसपास, चहा धरून अडीच तास पकडा. बेळगावकडच्या सभासदांनी उलटं संकेश्वरला यायची गरज नाही. त्यांनी वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीवरनं सरळ आंबोली गाठावी. वाटेत नांगरतासचा धबधबा लागतो, तिथं अर्धा तास थांबलं तरी चालेल, पण कठड्याच्या आत. गाड्या आपल्या पासिंगच्या म्हणजे कर्नाटकच्या आहेत, तेव्हा भाड्याच्या गाडीला परराज्याचा परवाना आधी काढलेला पाहिजे. मागं एका लग्नाला जाताना हद्दीवर दोन तास उभं राहिलो होतो, नवरा मांडवात आणि वऱ्हाड चेकपोस्टवर. या वेळी गाडीवाल्याकडनं कागद आदल्या दिवशी बघून घेणार.

निघायचं पहाटे साडेपाचला. परतीला आंबोलीतनं दुपारी तीनला म्हणजे तीनला. तोवर कारखाने सुरू झालेले असतात. अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन-दोन जोडलेल्या. संकेश्वर-गडहिंग्लज पट्ट्यात रात्रीचं यायचं नाही, यात कुणाचं ऐकणार नाही.

चालणं. गाडी उगमाच्या जवळपर्यंत जाते. पण मग ती सहल कसली? गाड्या आंबोली गावात ठेवायच्या आणि चालत जायचं. अंदाजे पाच किलोमीटर जायला, तेवढंच यायला. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी एक गाडी पुढं जाईल, त्यात लाज मानायची नाही. झाडी दाट आहे, गवे असतात. घोळक्यानं चाला, मोबाईलवर गाणी लावू नका. पोरांनो, चपला नको, पट्ट्याचे बूट घाला. आपला जवान सुट्टी वाढवून मिळाली तर पुढं चालणार आहे. नाही मिळाली तर आम्ही आहोत, जरा सावकाश.

काठ्या. रीळवाल्या काठ्या घरी. परत येताना चित्रीच्या धरणावर तासभर गळ टाकू असा तोडगा पोरांनी काढला होता. ते धरण हिरण्यकेशीच्याच खोऱ्यात आहे, वाटेवर पडतंही. पण तिथलं पाणी आपल्या ठेक्याचं नाही. आपल्या तलावावर बाहेरचा माणूस काठी टाकून बसला तर आपण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, मागच्या वर्षीचं प्रकरण विसरलो नाही. म्हणून ठरलं असं, सहलीच्या पुढच्या आठवड्यात आपल्याच तलावावर मुलांसाठी आणि काठ्या घेतलेल्या हौशी तरुणांसाठी गळाची स्पर्धा. मरळ लागला तर दोन गुण, चिलापी कितीही काढा, प्रत्येकीला एक. चिलापी जेवढी निघेल तेवढी बरीच. तात्यांनी मात्र बैठक संपताना विचारलंच, "मग मी काठी नेऊ का नको?" त्यांना सांगितलं, तुमची चालायची काठी न्या.

उगमापाशी काय पाळायचं ते तोंडी पुन्हा सांगूच. पाण्यात उतरायचं नाही, पाय धुवायचे तर खाली ओढ्यात आणि साबणाशिवाय. गुहेत आत शिरायचं नाही. दगड उलटे करून मासा शोधायचा नाही, तेच त्याचं घर आहे. काठावर पाच-दहा मिनिटं गप्प बसलं, सावली पाण्यावर पडू दिली नाही, की बारके मासे आपोआप बाहेर येतात. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बादली, ओढणी, गाळणी, बरणी, काहीही पाण्यात बुडवायचं नाही. फोटो काढा, भरपूर काढा. नारळ, फुलं, कापूर देवळात वाहा, कुंडात नको. निर्माल्य, द्रोण, पिशव्या गाडीत परत आणायच्या. त्यासाठी बर्फाची दोन रिकामी पोती घेतलीत.

जेवण घरनं. भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, झुणका, दही. मासळीचा डबा नको अशी विनंती आहे. दोघातिघांनी यावर नाराजी दाखवली, पण सोमवार आहे आणि देवाची जागा आहे, एक दिवस सोसा. पाणी मोठ्या जारमधनं नेऊ, बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत. चहा आजऱ्यात.

खर्च माणशी ४५० रुपये, शाळेतल्या मुलांना निम्मे. संस्थेच्या खात्यातनं यातलं काही जाणार नाही, वार्षिक सभेत विचारायच्या आधीच सांगतो. ज्या दोन घरांत या वर्षी कर्ता माणूस गेला त्यांच्या मुलांचे पैसे संचालक मंडळानं आपल्या खिशातनं भरलेत. नावं विचारू नका.

नावं ऑफिसात वहीत लिहा, तुळशीच्या लग्नाच्या आधी. सध्या एकवीस झालीत, पंचवीसची एक गाडी आहे. तिसाच्या वर गेली तर दुसरी सांगावी लागेल, ती ऐनवेळी मिळत नाही. बेळगावकडच्यांनी आपली संख्या तुमच्या भागाच्या संचालकांकडं द्यावी. आणि ज्यांच्याकडं जुनी दुर्बीण, भिंग असलं काही पडलं असेल त्यांनी घेऊन या. मासा बारका आहे, आमचा चष्मा पुरणार नाही.

– सेक्रेटरी